नानामामाच्या नावाखाली काय लिहू?

ओसरी
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचायला येते, पाककृतींवरची भांडणं तर विशेष आवडीने. आज कामासाठी आले आहे.

माझा नानामामा गेल्या मार्गशीर्षात गेला. ८७ वर्षांचा होता. सकाळचा चहा घेतला, पेपरातलं शब्दकोडं अर्धं सोडवलं आणि गेला, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. वर्षश्राद्धाला मोठी पंगत नको असं मामीचं म्हणणं. त्याऐवजी ज्यांना आठवण लिहायची त्यांनी लिहावी, आम्ही चाळीसेक पानांची पुस्तिका छापू, घरी येऊन न्यावी. मजकूर बऱ्यापैकी जमलाय. अडलंय एका ओळीवर. मुखपृष्ठावर फोटो, फोटोखाली नाव, आणि नावाखाली?

तो पेट्या दुरुस्त करायचा (पेटी म्हणजे हार्मोनियम, तरुण मंडळींसाठी सांगितलं). मोडी वाचायचा. दुर्बिणी बनवायचा. हौशी नाटकांना प्रकाश द्यायचा. गुळपोळी अशी करायचा की कडेपर्यंत गूळ. यातलं कुठलं एक लिहू? छापखानेवाले म्हणाले, "अष्टपैलू व्यक्तिमत्त्व टाका, आमच्याकडे सगळे तेच टाकतात." मामी म्हणाली, तसलं काही छापलंत तर मी पुस्तिका हातात घेणार नाही.

दुसरी अडचण. नारायण पेठेतला वाडा पाडायचाय, डिसेंबरअखेर त्याची खोली रिकामी करून द्यायची आहे. तिथे दोन वस्तू अशा निघाल्या की त्यांचं काय करावं कळत नाही. एक, खाटेखाली गोधडीत गुंडाळलेली हातपेटी, भात्याच्या आत चिठ्ठी: "पूर. मालक येतील." दोन, जाडजूड वही, पूर्ण मोडीत. आमच्या घरात मोडी त्याच्याशिवाय कोणालाच येत नव्हती.

त्याला ओळखणारे इथे असणारच. त्याला न ओळखणारा माणूस मला लकडी पूल ते मंडई या पट्ट्यात अजून भेटायचाय.

पांढरीचार
अरेरे, वर्ष झालं? मला बातमीच नव्हती. मी सोलापूरला असतो.

दारावर "पेटी दुरुस्त होईल. गळा होणार नाही." अशी पाटी होती, तेच ना हे नाना? मग ओळ काय शोधताय, "पेटीवाले नाना" लिहा, संपलं. नव्वदीच्या दशकात दोन वर्षं दर शनिवारी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. सूर लावायला त्यांनीच शिकवलं. सूर म्हणजे पेटीतली पितळी जीभ. तिचं टोक कानसलं की सूर चढतो, मुळाशी कानसलं की उतरतो. सांगायला दोन वाक्यं, पण हात बसेपर्यंत माझ्याकडून किती सूर मेले त्याची गणती नाही. बोलले कधीच नाहीत. मेलेला सूर उचलून एका औषधाच्या बाटलीत टाकायचे. बाटलीवर माझं नाव होतं.

त्यांची बारीक कानस अजून माझ्याकडे आहे. प्रसाद म्हणून दिली होती मला. आजही तीच वापरतो.

कात्रजचा_बोगदा
थांबा थांबा. हे पांढरी टोपी, डाव्या खांद्यावर शबनम, ते का? आम्ही त्यांना काका म्हणायचो. पंधरा वर्षं रविवारी पहाटे सिंहगड एकत्र चढलो. पेटीबिटीचं आज कळतंय!!

ओसरी
@कात्रजचा_बोगदा तेच. शबनम अजून खुंटीवर आहे.

विंगेतला
पेटीवाले? आमच्यासाठी ते 'मीठवाले' होते. सांगतो.

सत्तरच्या दशकात पुरुषोत्तम करंडकाला आमच्या कॉलेजची एकांकिका होती. स्पर्धा १९६३ पासूनची, पण आमच्या कॉलेजला तोवर अंतिम फेरी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. दिग्दर्शकाला हळूहळू होत जाणारी संध्याकाळ हवी होती आणि तालमीला आमच्याकडे दिवे होते दोन, चालू किंवा बंद. कुणीतरी म्हणालं नारायण पेठेत एक गृहस्थ आहेत. ते आले, ऑफिसातून थेट, सायकलच्या कॅरिअरला चिनीमातीचे नळ बांधलेले. सांडपाण्याला वापरतात ते. खालचं तोंड सिमेंटने बंद, आत पाणी, पाण्यात मीठ, तळाला एक धातूची चकती आणि दुसरी दोरीला टांगलेली. वरची चकती खाली सोडत गेलं की दिवा उजळतो, वर ओढली की मंदावतो. मिठाच्या पाण्यातून वीज जाते, अंतर वाढलं की अडते. मीठ किती, हाच सगळा खेळ. कमी पडलं तर दिवा पेटतच नाही, जास्त झालं तर पाणी उकळायला लागतं आणि विंगेत वाफा.

आम्ही जास्त टाकलं. संध्याकाळच्या प्रवेशात डाव्या विंगेतून धुकं आलं. परीक्षकांपैकी एकजण नंतर म्हणाले, धुक्याची कल्पना फार छान होती.

(घरी कोणी करून बघू नका. उघडी वीज आणि खारं पाणी. आम्ही वाचलो ते त्यांच्यामुळे. लाकडी फळीवर उभं राहायचं आणि एक हात खिशात ठेवायचा, हा त्यांचा नियम होता. खिसा नसलेल्या मुलाला त्यांनी नळाजवळ येऊच दिलं नाही.)

भुईनळा
😂😂 परीक्षकांचं धुकं!
अंतिम फेरीत गेलात की नाही?

विंगेतला
नाही. नटाला खोकला झाला.

पेठकरी
मी या धाग्यातला बहुधा सर्वांत म्हातारा. चिठ्ठीतल्या 'पूर' या शब्दावरून लिहितो.

१२ जुलै १९६१, बुधवार. मी नऊ वर्षांचा होतो. सकाळी पानशेत फुटलं, मग त्या पाण्याने खडकवासल्याचं जुनं धरणही गेलं. "पाणी आलं, पर्वतीकडे पळा" एवढंच ऐकू येत होतं. आईने कडेवर धाकटा घेतला, हातात देव घेतले आणि आजोबांना सांगितलं की तुम्ही चाला, घर राहू दे. आजोबा कुलूप लावायला परत गेले. कुलूप नंतर सापडलं, दार नाही.

लोकांना पाणी आठवतं, मला चिखल आठवतो. पाणी ओसरल्यावर पेठांत गुडघाभर गाळ आणि तो वास. आणि विनोद बघा, गावभर पूर येऊन गेला आणि नळाला थेंब नाही, कारण धरणच रिकामं झालेलं. टँकरपुढे रांगा.

त्या दिवसांत चोविशीचा एक पोरगा वाड्यावाड्यांतून हिंडून भिजलेल्या पेट्या गोळा करत होता. तेच हे नाना. तेव्हा त्यांना पेटीतलं ओ का ठो कळत नव्हतं, हे त्यांनीच मला पुढे सांगितलं. लोक कपाटं, धान्य, कागद वाचवत होते. पेटी कोण बघतो? बाहेर टाकून दिलेल्या. त्यांनी आमचीही नेली. पेटीचे सांधे सरसाने जोडलेले असतात, सरस पाण्यात विरघळतो, त्यामुळे हात लावला की फळी सुटायची. त्यांनी फळ्या सावलीत वाळवल्या, उन्हात सागवानसुद्धा वाकतं म्हणून. प्रत्येक सूर काढून गाळ धुतला. शिकवायला कोणी नाही. एक पेटी पूर्ण उकलली आणि तिच्यावरून बाकीच्या जुळवल्या. आमची परत यायला अकरा महिने लागले. वाजली. एक पट्टी जराशी घोगरी बोलायची, ती तशीच आवडायला लागली आम्हाला.

तेव्हा ती खाटेखालची पेटी त्यातली असणार. मालक शोधा. या धाग्यात तेच महत्त्वाचं काम आहे.

गवती_चहा
पेठकरी आजोबा, अंगावर काटा आला. कुलपाचं वाचून हसू की रडू कळेना.

दूरदेशी
पेटीचा फोटो टाकाल का? माझ्या आजीची पेटी पुरात गेली होती. शनिवार पेठ, ओंकारेश्वराजवळ. आजी शेवटपर्यंत म्हणायची, "माझे पॅरिसचे सूर नदीने नेले." मी श्टुटगार्टहून लिहितेय पण आत्या पुण्यातच आहे, येऊन बघेल.

ओसरी
फोटो टाकलाय. साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या, दोन खुंट्या मोडलेल्या. कारखान्याची पट्टी निघून गेलीय. आतल्या सुरांवर काही कोरलंय का ते मला उघडता येत नाही. @दूरदेशी आत्यांना जरूर पाठवा.

सा_ची_शोधात
विषय निघालाच आहे तर. नानांनी लावलेली पेटी माझ्या गुरूंकडे होती. काळी एकचा (पहिल्या काळ्या पट्टीवरचा) सा धरला की स्वर्ग. पण एका विद्यार्थिनीची पांढरी चार, तिला त्याच पेटीवर गायला बसवलं की सगळं बेसूर. नाना गंधार (म्हणजे ग) कानाने उतरवायचे. ही दुरुस्ती झाली की बिघाड?

पांढरीचार
हे बघा, बाजारातली पेटी समविभाजित सप्तकात लावलेली असते, बाराही अंतरं सारखी. म्हणून कुठल्याही पट्टीत सारखीच चालते आणि सारखीच खोटी लागते. तंबोऱ्यात ऐकू येणारा गंधार तिच्यापेक्षा सुमारे १४ सेंटने उतरलेला असतो. एका अर्ध्या सुराचे १०० सेंट धरले तर हा फरक ऐकणाऱ्याला टोचतो. नाना पहिलं विचारायचे, "गाणार कोण? सा कुठला?" मगच कानस हातात. एका माणसाची पेटी व्हायची ती. शिंप्याने मापाचा सदरा शिवला आणि तो शेजाऱ्याला झाला नाही, तर शिंप्याला बोल लावणार का?

सा_ची_शोधात
सदरा उसना देता येतो. पेटी क्लासमध्ये दहा जण वापरतात. उगाच नाही आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला दार बंद ठेवलं. तिच्यात मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, श्रुती (सुरांमधली बारीक अंतरं) नाही.

पांढरीचार
आणि त्याच बंदीच्या काळात मैफलींत कोण साथ करत होतं, सारंगीवाल्यांची फौज? अप्पा जळगावकरांची साथ ज्याने समोर बसून ऐकलीय त्याने मला मींड शिकवू नये.

भुईनळा
झालं सुरू. सवाईच्या मंडपात मागच्या रांगेत हेच चालायचं, शाल गुंडाळून. वेगळा धागा काढा राव.

सा_ची_शोधात
काढते. पण गंधार सोडणार नाही.

कात्रजचा_बोगदा
मी माझ्या रविवारच्या गटाला धागा पाठवला. कोणालाच पेटीचं ठाऊक नव्हतं. एकाला मोडीचं ठाऊक होतं, कारण त्याच्या सातबाऱ्याच्या भांडणात त्यांनी पणजोबांचा कागद वाचून दिला होता. देवटाक्याजवळ बसून! चढताना थांबले की आम्हाला वाटायचं दम लागला. ते पक्षी ऐकत असायचे. वर पोचलं की दही, पिठलं-भाकरी, आणि बिल द्यायची वेळ आली की काका शबनममध्ये काहीतरी शोधत बसायचे. हे एक खरं सांगून टाकतो. 😄

तळटीप
मी नानांची मुलगी. ओसरी माझी आतेबहीण. तिने काल हा धागा आईला वाचून दाखवला आणि मग मी स्वतः वाचला. छान वाटलं. आता थोडं माझंही ऐका, गोड लागणार नाही.

तुम्हा सगळ्यांना नाना संध्याकाळी सहा ते दहा मिळाले, किंवा रविवारी. आम्हाला उरलेले मिळाले. बिल देताना शबनममध्ये शोधायचे ते खरंच शोधत असायचे, कारण आत काही नसायचं. पगार सरकारी कारकुनाचा. त्यांनी पेटी दुरुस्तीचे पैसे कोणाकडून घेतलेले मी पाहिले नाहीत. सरस, चामडं, भात्याचं कापड, काचा, भिंगं हे सगळं येत होतं आईच्या पगारातून. आई शाळेत शिकवायची, घरी आल्यावर शिकवण्या घ्यायची. शिकवणीची मुलं बाहेरच्या खोलीत आणि नाना स्वयंपाकघरात पिंप उलटं ठेवून त्याच्यावर दुर्बिणीचा आरसा घासतायत. काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची पूड, दोन-चार हात मारायचे, पाऊलभर सरकायचं, परत. पिंपाभोवती प्रदक्षिणा. सहा इंची आरशाला सहा महिने. त्या सहा महिन्यांत आमच्या पोळ्यांत कचकच होती. आई म्हणायची, विश्व जवळ येतंय, चावून खा.

१९८६ चा मार्च. माझी दहावी. पहाटे चारला त्यांनी मला उठवून पर्वतीवर नेलं, हॅलेचा धूमकेतू दाखवायला. पुन्हा ७६ वर्षांनी येणार म्हणून. मी पाहिलं. कापूस बोटाने पुसल्यासारखं काहीतरी होतं. त्याच दिवशी अकराला बीजगणिताचा पेपर होता. दुसऱ्या प्रश्नावर मला झोप लागली, पर्यवेक्षक बाईंनी हलवून जागं केलं. मार्क किती पडले ते इथे लिहीत नाही. आई त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही, आणि माझी आई न बोलणं म्हणजे काय ते ओसरीला विचारा.

तेव्हा लिहा जे लिहायचं ते. पण 'अष्टपैलू' या शब्दाला आई का चिडते ते आता कळलं असेल. आठ पैलू पाडायला धार कोणी लावून दिली तेही विचारा कधीतरी.

गवती_चहा
🙏

भुईनळा
ताई, तुमचं म्हणणं मान्य, पण गेलेल्या माणसाबद्दल असं चारचौघांत लिहावं का? त्यांनी इतक्या लोकांना इतकं दिलं.

विंगेतला
लिहावं. दिलं ते कोणाच्या घरातून दिलं हे घेणाऱ्याने ऐकून घ्यावं. आम्ही त्या नळांचे पैसे त्यांना दिले का हे मी परवापासून आठवतोय. नाही दिले. आठ नळ होते. एकांकिका संपल्यावर आम्ही मिसळ खायला गेलो आणि ते सायकलला नळ बांधत होते.

पेठकरी
आमच्याकडून त्यांनी अकरा महिन्यांच्या कामाचा एक नारळ घेतला. आम्हाला तेव्हा वाटलं, केवढा निःस्पृह मनुष्य. तळटीपताई, तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा.

शेवटचा_बाक
मला मात्र त्या पर्वतीवरच्या पहाटेचा हेवा वाटला. आमच्या वडिलांनी पहाटे चारला उठवलं ते फक्त पाणी भरायला.

तळटीप
@शेवटचा_बाक हेवा माझाही झालाय, नंतर. माझ्या मुलाला त्यांनी त्याच दुर्बिणीतून शनी दाखवला. तो पाच-सहा वर्षांचा होता, २००९ असेल. कडी अगदी बारीक दिसत होती तर तो रडायला लागला की चित्रातल्यासारखी का नाही. शनी आपल्याकडे कलत-कलत साधारण पंधरा वर्षांनी कडी अशी कडेवर आणतो. नाना त्याला म्हणाले, "आता रुंद होत जातील. परत २०२५ ला बारीक होतील, तेव्हा तू मला दाखव."

या महिन्यात त्याने गच्चीवर दुर्बीण लावली होती. कडी म्हणजे सुई टोचल्यासारखी रेघ. मी बघितली. आईही जिना चढून आली, गुडघे धरत. बघून म्हणाली, "एवढ्यासाठी?" आणि परत एकदा डोळा लावला.

मोडीमित्र
उशिरा आलो. मी नानांचा मोडीचा विद्यार्थी, 'नाना' नाही, 'गुरुजी' म्हणायचो. @ओसरी वहीची पानं टाका, वाचून देतो.

ओसरी
चार पानं टाकली आहेत. एक ओळ मीच लावायचा प्रयत्न केला, नेटवरचा तक्ता बघून. "भात दिला, परत नाही" असं आहे का? मामा कोणाला भात देत होता आणि परत कसला मागत होता?

मोडीमित्र
हा हा. भात नाही, भाता! पेटीचा भाता. मोडीत आधी पानभर रेघ ओढून घेतात आणि तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जातात. हात उचलायचा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा हिशेब नाही. काना कुठे वळला आणि पुढचं अक्षर कुठे सुरू झालं हे सवयीने कळतं. गुरुजी म्हणायचे, मोडी वाचताना आधी माणूस ओळखावा, मग अक्षर. सावकाराचा कागद असेल तर व्याज शोध, बायकोला लिहिलेला असेल तर सबब शोध.

पेशवे दप्तरात असे कोट्यवधी कागद पडून आहेत आणि वाचणारे थोडे. असो, ते माझं नेहमीचं रडगाणं.

ही उसनवारीची वही आहे. कोणाला काय दिलं, कधी, परत आलं की नाही. नावांची फक्त आद्याक्षरं. मला वाटतं मोडीत मुद्दाम लिहिलंय, कोणाकडे काय राहिलंय ते घरातही कोणाला कळू नये म्हणून.

तिसऱ्या पानावर मथळा "पुराच्या पेट्या". खाली अकरा ओळी. दहांवर काट मारलीय, शेजारी 'पावली'. अकरावी: "हातपेटी ४२. ओंकारेश्वराच्या अलीकडे गाळात. मालक?" काट नाही.

पेठकरी
दहातली एक आमची. सहावी ओळ असेल बघा, आमच्या आडनावाचं अक्षर.

मोडीमित्र
@पेठकरी पाचवी. 'घोगरी राहिली' असं लिहिलंय बाजूला.

पेठकरी
त्यांना ठाऊक होतं तर.

मोडी_शिकायचीय
अवांतर: पुण्यात मोडीचे वर्ग कुठे असतात?

मोडीमित्र
भारत इतिहास संशोधक मंडळात होतात, सदाशिव पेठेत. राजवाड्यांनी १९१० मध्ये काढलेली संस्था, तीच. तिथे प्रत्यक्ष जाऊन विचारा. फोनवर विचारू नका असं नाही, पण जा. इमारत बघणं होईल.

दूरदेशी
ओंकारेश्वर! आजीचीच!! आत्या उद्या येतेय. मला इथे झोप लागणार नाही.

ओसरी
आत्या येऊन गेल्या. ७९ वर्षांच्या आहेत, रिक्षातून एकट्या आल्या. पेटी बघितली, हात फिरवला, पट्ट्या मोजल्या. मग म्हणाल्या, "नाही गं. आईची पायपेटी होती. मी खाली बसून पायट्यावर हात दाबायचे आणि आई वर वाजवायची. ही हाताची आहे." मामी म्हणाली, घेऊन जा तरी. नाही म्हणाल्या. दोघी नंतर दोन तास बोलत बसल्या होत्या, टँकरच्या रांगेबद्दल. एकाच टँकरला उभ्या असणार अशी त्यांची खात्री पटली आहे.

दूरदेशी
आत्याने फोन केला. रडली नाही. म्हणाली त्या बाईंकडचा चहा फार छान होता. मीच रडले.

सा_ची_शोधात
ती पेटी मालक मिळेपर्यंत कोणीतरी वाजती ठेवायला हवी. बंद पेटीचे सूर बसतात, चामड्याला कसर लागते. माझ्या क्लासमध्ये ठेवते. चिठ्ठी आतच राहील. लेखी देते. गंधाराला हात लावणार नाही, वचन.

पांढरीचार
आधी मी डिसेंबरात येऊन भाता बघतो. मग न्या. आणि गंधार बघून ठरवू.

कात्रजचा_बोगदा
मूळ प्रश्न राहिलाच की. नावाखाली काय?

भुईनळा
"नाना". बास.

विंगेतला
मीठवाले 🙂

ओसरी
कालच मामीला सरळ विचारलं. आम्ही सगळ्या जमलो होतो. तळटीपने सुचवलं होतं की पुस्तिकेवर मामीचंही नाव घालू, दोघांचा फोटो लावू. मामी म्हणाली, "माझं कशाला? मला त्यातलं काहीच येत नव्हतं. मला पगार येत होता."

मग नावाखालच्या ओळीचं विचारलं. तिने कपाटातून नानाचं पेन्शनचं पुस्तक काढलं आणि बोट ठेवलं. "सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक". म्हणाली, कुठल्याही अर्जावर ते स्वतः हेच लिहायचे, कधी दुसरं काही लिहिलं नाही, आणि अजून महिन्याच्या महिन्याला येतं ते यातूनच येतं.

छापखान्यात तेच दिलंय. पुस्तिका १४ तारखेनंतर घरी मिळेल, सकाळी १० ते १२. गुळपोळी असेल, तळटीप करतेय, कडेपर्यंत गुळाची हमी नाही.

शेवटचा_बाक
पार्किंग?

ओसरी
नारायण पेठेत? पायी या.

मोडीमित्र
राहिलेली पानं वाचून झाली. तळटीपताईंना यादी वेगळी पाठवतो, बरंच येणं आहे. एक नोंद इथेच विचारतो कारण आद्याक्षर ओळखीचं वाटतंय. १९९८, शनिवार. "पां. ला बारीक कानस दिली. आठ दिवसांत आणतो म्हणाला."

पांढरीचार
आणतो.